शिडाच्या छोट्या होडीला इंजिन: आउटबोर्ड घ्यावं की इनबोर्ड?

पहिली शिडाची होडी घेताना माणूस शिडं उलगडून बघतो, डोलकाठीच्या तारा हलवून बघतो, केबिनमधल्या गाद्या दाबून बघतो. इंजिनाचा विषय राहतो शेवटच्या दिवशी. मग विकणाऱ्याकडे जे असेल ते पदरात पडतं आणि पुढची चार-पाच वर्षं त्याच्याशी संसार करावा लागतो. तसं होऊ नये म्हणून हा लेख. माझा अनुभव मुंबई बंदरातला आणि थोडाफार कोकण किनाऱ्यावरचा, २० ते २८ फुटांच्या, खाली वजनदार कील (तळाला उभं बसवलेलं पातं) असलेल्या होड्यांचा. तेवढ्यापुरतंच बोलतो.

आधी दोन्ही यंत्रांची ओळख करून घेऊ. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं पेट्रोलचं इंजिन: डोकं वर, लांब पाय खाली, पायाच्या टोकाला पंखा. इनबोर्ड होडीच्या पोटात बसतं आणि बहुतेक वेळा डिझेलवर चालतं. त्याचा शाफ्ट तळातून बाहेर निघतो आणि पंखा सुकाणूच्या पुढे, पाण्यात खोल फिरतो. काही होड्यांत तिरप्या शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह असतो, म्हणजे इंजिनाखालून सरळ उतरलेला पाय. हिशेबाला तोही इनबोर्डच धरायचा.

पायरी १: इंजिन नक्की कधी लागणार, ते लिहून काढा

शिडाच्या होडीचं इंजिन वेगासाठी नसतं. वर्षातले बहुतेक दिवस ते बोयापासून (होडी बांधायच्या, तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपापासून) मोकळ्या पाण्यापर्यंत आणि परत, एवढंच चालतं. पण मोसमात तीन-चार वेळा अशी दहा मिनिटं येतात की तेव्हा ते चाललंच पाहिजे. निवड करायची ती या दहा मिनिटांसाठी.

मुंबईत ही दहा मिनिटं कुठून येतात ते बघा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून वाहतो आणि तुम्ही गेटवेहून सुरेख बाहेर पडता. साडेदहा-अकराच्या सुमाराला तो मरतो. वायव्येचा दर्यावरचा वारा उठेपर्यंत तास-दोन तास पाणी तेलासारखं पडून असतं. त्या वेळी ओहोटी लागलेली असेल आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस असतील, तर प्रवाह २ ते ३ नॉटने तुम्हाला बाहेर ओढतो. तुमचं इंजिन होडीला ४ नॉट देतं आणि समोर ३ नॉटचा प्रवाह आहे, म्हणजे किनारा ताशी १ सागरी मैलाने जवळ येणार. मांडव्याहून गेटवेपर्यंतचं अंतर सात-आठ सागरी मैल आहे. बाकीचा हिशेब तुम्हीच करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच प्रवास निवांत होतो.

दुसरा प्रसंग बोया पकडण्याचा. मागून वारा, बाजूने प्रवाह, दोन्हीकडे नांगरलेल्या होड्या, मधूनच एखादी फेरीबोट जाते आणि तिची लाट येते. तिसरा प्रसंग कोकणात जाणाऱ्यांसाठी. बाणकोट किंवा दाभोळसारख्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि त्यावर लाटा उभ्या राहतात. तिथे इंजिन बंद पडून चालत नाही.

तुमच्या कागदावर यातलं काय येतं? फक्त सकाळी बाहेर पडून दुपारी परत यायचं असेल तर उत्तर एक, मुरुड-जंजिऱ्याच्या पुढे जायचं असेल तर दुसरं.

पायरी २: किती ताकद हवी, ते मोजा

नवखा माणूस इथे हमखास चुकतो, कारण तो स्पीडबोटीचा विचार करत असतो. कीलवाली होडी पाण्यावर उठत नाही, पाणी कापत जाते. त्यामुळे तिच्या वेगाला कमाल मर्यादा असते, आणि ती पाण्यालगतच्या लांबीवर ठरते. सूत्र सोपं आहे: ही लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. २४ फुटी होडीची पाण्यालगतची लांबी २० फूट असेल, तर वर्गमूळ ४.४७ आणि वेग जेमतेम ६ नॉट. त्यापुढे दुप्पट ताकदीचं इंजिन लावलंत तरी होडीची मागची बाजू पाण्यात बसत जाईल, पेट्रोल जळत जाईल आणि वेग तिथेच राहील.

ताकदीचा अंदाज वजनावरून बांधा. दर टनाला साधारण ४ हॉर्सपॉवर धरले की समोरचा वारा आणि प्रवाह दोन्हींना पुरतं. दोन टनांच्या होडीला ८ हॉर्सपॉवर झाले. शांत खाडीत फिरणाऱ्याचं ६ मध्येही भागतं. वजन धरताना कागदावरचं नको. पाण्याचे कॅन, नांगर, साखळी, चार माणसं आणि त्यांचे डबे धरून घ्या.

हॉर्सपॉवरपेक्षा पंखा महत्त्वाचा. रबरी बोटी पळवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या आउटबोर्डचा पंखा लहान असतो, त्याचा पीच (एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकायला बघतो ते अंतर) जास्त असतो आणि तो जोरात फिरतो. जड होडीला तो पाणी घुसळून दाखवतो, ढकलत नाही. आपल्याला मोठ्या व्यासाचा, कमी पीचचा, सावकाश फिरणारा पंखा हवा. काही कंपन्या शिडाच्या होड्यांसाठी ‘हाय थ्रस्ट’ प्रकार काढतात. टोहात्सूचं ६ हॉर्सपॉवरचं ‘सेल प्रो’ आणि यामाहाचं ९.९ चं हाय थ्रस्ट ही त्यातली नावाजलेली. इनबोर्डचा पंखा मुळातच मोठा आणि खोल असतो, म्हणून कागदावर सारख्याच ताकदीची दोन इंजिनं पाण्यात सारखी वागत नाहीत. ९ चं डिझेल इनबोर्ड ९.९ च्या साध्या आउटबोर्डपेक्षा जड होडी सहसा जास्त ताब्यात ठेवतं.

पायरी ३: आउटबोर्ड घेणार असाल तर पायाची लांबी सर्वांत आधी

आउटबोर्डचे पाय साधारण १५, २० आणि २५ इंची मिळतात. शिडाच्या होडीला १५ इंची कधीही नको. २० इंची खाडीत चालतो. बंदरात लाटांत जायचं असेल तर २५ इंचीच बघा.

असं का, ते मला एका मार्चच्या दुपारी कळलं. मांडव्याहून परतत होतो. वायव्येचा वारा चांगला सुटला होता, समोरून ओहोटी, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. सनक रॉकच्या दीपगृहाच्या आसपास शीड उतरवायचं ठरवलं. सोबती नाळेवर, म्हणजे होडीच्या पार पुढच्या टोकाला गेला, ऐंशी किलोचा गडी. तो पुढे जाताच होडीचं नाक खाली गेलं आणि मागची बाजू वर आली. पुढच्या लाटेला पंखा पाण्याबाहेर निघाला आणि इंजिन किंचाळलं. मी थ्रॉटल कमी केलं, मागची बाजू खाली बसली, पंख्याने पाणी धरलं, परत थ्रॉटल दिलं, परत तेच. शीड अर्धं उतरलेलं, फडफडतंय आणि होडीला ढकलणारं काही नाही. पाच-सहा मिनिटंच गेली असतील, पण ती मी विसरलेलो नाही. माझा पाय २० इंची होता.

लक्षात घ्या, माणूस नाळेवर जातो तो नेमका शीड उतरवायला किंवा बोया पकडायला, म्हणजे इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी. म्हणून विकत घेण्याआधी ही चाचणी करा. होडी शांत पाण्यात असताना दोन माणसांना नाळेवर उभं करा. आउटबोर्डचा ब्रॅकेट पूर्ण खाली सोडा. पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. ती माणसं पुढे असतानाही निदान वीतभर पाण्याखाली राहिली पाहिजे. राहत नसेल तर लांब पाय किंवा जास्त खाली उतरणारा ब्रॅकेट. तिसरा उपाय नाही. शीड आणि बोया या दोन्हींच्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे मागे बसून होडी चालवायच्या जागेपर्यंत आणल्या तर पुढे जायची वेळच कमी येते. तेही जरूर करा, पण पायाच्या लांबीला तो पर्याय नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या फळीची. ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक २५ ते ३० किलो भरतं, ९.९ चं त्याहून बरंच जास्त. हे वजन होडीच्या पार टोकाला लटकतं आणि प्रत्येक लाटेला हिसका देतं. फळीच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल तर बोल्टांभोवती केसासारख्या चिरा दिसतात. लाकडी ठोकळ्याने टकटक करून बघा. भरीव आवाज आला पाहिजे, भदभद नव्हे.

इंधनाचं म्हणाल, तर १२ लिटरची सुटी टाकी पुरते. निम्म्या-पाऊण थ्रॉटलवर ६ चं फोर-स्ट्रोक ताशी दीड ते दोन लिटर पितं. पेट्रोल मात्र आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. समुद्रावर ओलीला तोटा नाही. टाकीत महिनाभर पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वेगळं होऊन तळाशी बसू शकतं आणि इंजिन ते आधी पितं. म्हणून लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणा. दोन-तीन आठवडे होडी चालणार नसेल तर इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा करा. ‘इंजिन दगा देतं’ अशी तक्रार ऐकून मी जी आउटबोर्ड बघितली, त्यांतल्या बहुतेकांचा आजार मेणचटलेला कार्बोरेटर एवढाच होता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, हे कधी विसरू नका. ती केबिनच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते. टाकी केबिनमध्ये ठेवायची नाही, भरायची ती होडीबाहेर. जुन्या परदेशी होड्यांत पेट्रोलवर चालणारी इनबोर्ड इंजिनंही सापडतात. तशी घेतलीत तर प्रत्येक वेळी चालू करण्याआधी चार-पाच मिनिटं ब्लोअर (साचलेली वाफ बाहेर फेकणारं यंत्र) चालवायचाच. मी नवख्याला ती घ्या असं सांगणार नाही.

पायरी ४: होडी राहते कुठे, ते विचारात घ्या

परदेशी पुस्तकं मरिना गृहीत धरतात: होडी धक्क्याला बांधलेली, शेजारी गोड्या पाण्याचा नळ, विजेचं बटण. मुंबईत आपली होडी बोयाला बांधलेली असते आणि तिच्यापर्यंत छोट्या डिंगीने जावं लागतं. यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब बदलतो.

आउटबोर्ड प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुवायला हवं, नाहीतर मिठाचे खडे थंड पाण्याच्या वाटा बंद करतात. बोयावर नळ कुठला? एक तर उभ्या पिंपात पाय बुडवून चालवायचं, नाहीतर काढून किनाऱ्यावर न्यायचं. काढताना आधी दोरी बांधा, मग स्क्रू सैल करा. हा क्रम उलटा झाला म्हणून बंदराच्या तळाशी गेलेली इंजिनं कमी नाहीत. आडवं ठेवायचं तर हँडबुकात सांगितलेल्या कुशीवरच ठेवा. फोर-स्ट्रोकचं तेल चुकीच्या कुशीवर सिलिंडरमध्ये उतरतं. आणि बोयावर ठेवणार असाल तर कुलूप लावा, कारण आउटबोर्डला चोर फार लवकर सापडतो.

आउटबोर्डच्या बाजूने मात्र दोन मोठ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ते उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं. आपलं पाणी कोमट, त्यामुळे बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव) फार झपाट्याने धरतात. इनबोर्डचा पंखा दोन-तीन आठवडे फिरला नाही की त्यावर खरखरीत पांढरा थर बसतो, आणि थर बसलेला पंखा निम्मंही ढकलत नाही. दर काही आठवड्यांनी कुणीतरी पाण्यात उतरून तो खरवडावा लागतो. दुसरी गोष्ट प्लास्टिकची. आपल्या बंदरात पिशव्या आणि तुटकी जाळी तरंगत असतात. पिशवी अडकली तर आउटबोर्ड वर उचलायचं, हाताने काढायची, दोन मिनिटांत काम फत्ते. इनबोर्डच्या पंख्यात जाळं गुंतलं तर चाकू घेऊन बुडी मारणं आलं, आणि प्रवाहात ते सोपं नसतं.

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, तेव्हा आउटबोर्ड धुऊन घरी आणता येतं. इनबोर्ड तिथेच राहतं आणि जून ते सप्टेंबर त्याच्या डोक्यावर दमट हवा असते. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेतली वाफ थंड होऊन पाणी होतं आणि त्या पाण्यात काळपट शेवाळासारखं किटण वाढतं. ते पहिल्याच फेरीला फिल्टर बंद करतं. टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि फिल्टरच्या वाटीतलं पाणी मोसमाच्या सुरुवातीला काढा.

पायरी ५: इनबोर्डवाली जुनी होडी घेताना काय बघायचं

नवं इनबोर्ड बसवायचं म्हणजे इंजिनाखाली आधार बांधा, तळाला भोक पाडा, शाफ्ट केसभरही वाकडा न होता जुळवा. २४ फुटी जुन्या होडीत हा खर्च होडीच्याच किमतीच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे नवख्यासमोर इनबोर्ड येतं ते आधीच बसवलेलं. मग प्रश्न एवढाच उरतो की हे इंजिन चांगलं आहे का. एक सकाळ त्यासाठी काढा.

इंजिन थंड असताना पोहोचा आणि हात लावून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर परत एकदा या. थंड डिझेल पटकन चालू झालं तर निम्मी परीक्षा पास. तेलाची दांडी काढून बोटांत तेल चोळा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर तेलात पाणी शिरलंय, तिथून निघा. धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर नाही. निळा म्हणजे तेल जळतंय. भार दिल्यावर काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा पंख्यावर बार्नेकल आहेत. धुरासोबत मागच्या नळीतून पाण्याची पिचकारी नियमित यायला हवी. ती क्षीण असेल तर आधी इंपेलर बघा. हे थंड पाण्याच्या पंपातलं रबराचं पाकळ्यांचं चक्र एवढंसं, मुठीत मावणारं, पण एक पाकळी तुटली तरी इंजिन तापतं, आणि तुटलेला तुकडा पुढच्या नळीत जाऊन बसतो. तो शोधून काढेपर्यंत नवा इंपेलर बसवून उपयोग नाही. तो दर मोसमाला बदलायचा आणि एक जास्तीचा होडीत ठेवायचा.

शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथली ग्लँड, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं वेष्टन, बघा. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब गळणं योग्यच आहे, त्या थेंबांनीच ती थंड राहते. धार लागली तर पॅकिंग गेलं. सेलड्राइव्ह असेल तर तळाच्या भोकाभोवतीचा मोठा रबरी पडदा कधी बदलला ते विचारा. व्होल्वो तो सात वर्षांनी बदलायला सांगते. उत्तर गुळमुळीत आलं तर तो खर्च किमतीतून वजा करा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि जिच्यामुळे चांगली इंजिनं मरतात. इंजिन चालू होत नसताना स्टार्टर सतत मारत राहिलात, तर पंप समुद्राचं पाणी आत ओढत राहतो. पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सरचा डबा भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. तीन-चार प्रयत्नांत लागलं नाही तर पाण्याचा कॉक बंद करा. मग खुशाल प्रयत्न करा. चालू झाल्याबरोबर कॉक उघडायला विसरू नका. मी किल्ली कॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवतो, म्हणजे आधी हात तिथे जातो.

इनबोर्डचा एक मोठा फायदा आपल्या किनाऱ्यावर खास आहे. मासेमारीच्या बहुतेक मोठ्या होड्या डिझेल इनबोर्डवर चालतात. त्यामुळे ससून डॉकपासून खाली मालवणपर्यंत कुठल्याही बंदरात डिझेलचा कारागीर सापडतो. तुमच्या परदेशी इंजिनाचा पार्ट त्याच्याकडे नसेल, पण इंधनाच्या नळीत शिरलेली हवा काढणं, इंजेक्टर साफ करणं, गॅस्केट कापून देणं त्याच्या हातचा मळ आहे. शिवाय इनबोर्डचा अल्टरनेटर बॅटरी मनापासून भरतो. छोट्या आउटबोर्डकडून ५-६ अँपिअर मिळाले तरी पुष्कळ.

पायरी ६: आता ठरवा

माझं मत सरळ सांगतो. होडी २४ फुटांपर्यंतची, दोन टनांच्या आतली आणि फिरणं बंदरातलं असेल तर लांब पायाचं ६ ते ९.९ चं हाय थ्रस्ट आउटबोर्ड घ्या. स्वस्त पडेल, केबिनमधली जागा मोकळी राहील, बिघडलं तर खांद्यावर टाकून दुकानात नेता येईल. २६ फुटांपुढे, अडीच-तीन टन वजनाला आणि बाहेरच्या समुद्रात रात्रीचा प्रवास करायचा असेल तर डिझेल इनबोर्ड. मधल्या होड्यांना एकच नियम लावा: बांधणाऱ्याने होडी ज्या इंजिनासाठी काढली, ते बदलू नका. इनबोर्ड काढून मागे आउटबोर्ड टांगलं की मध्यावरचं ८०-१०० किलो वजन जातं आणि टोकावर नवं येतं. होडीचं पाण्यात बसणं बिघडतं ते वेगळंच.

विजेवर चालणाऱ्या आउटबोर्डबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. १ किलोवॉटची मोटर छोट्या होडीला शांत पाण्यात सुरेख नेते, ना धूर ना आवाज. तलावावर, धरणाच्या पाण्यावर मी तीच घेईन. पण पूर्ण जोरावर तिची बॅटरी सव्वा तासाच्या आसपास संपते, आणि उधाणाच्या ओहोटीशी झुंजायला नेमका पूर्ण जोरच लागतो. बोयावर चार्जिंगची सोय नाही, तोवर बंदरात ती मुख्य इंजिन म्हणून मी लावणार नाही.

पैसे देण्याआधी समुद्रावरची चाचणी घ्या, आणि ती सकाळच्या शांत पाण्यात नको. पंचांग किंवा भरती-ओहोटीचं कोष्टक बघून उधाणाच्या दिवशी दुपारी तीन-चारची, वारा सुटलेला असतानाची वेळ मागा. ओहोटीच्या विरुद्ध सलग अर्धा तास पाऊण थ्रॉटलवर चालवा. एकाला नाळेवर पाठवा. पूर्ण वेगातून रिव्हर्स टाकून होडी किती लांबीत थांबते ते बघा, आणि त्याच वेळी मागची बाजू कुठल्या कुशीकडे सरकते तेही लक्षात ठेवा. इनबोर्डवर ती बहुधा डावीकडे ओढली जाते, बोया पकडताना रोज उपयोगी पडेल. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि गरम असतानाच परत चालू करून बघा. मालक यातल्या कुठल्याही गोष्टीला ‘आज नको’ म्हणाला, तर दुसऱ्या उधाणाची तारीख त्याच्याकडून तिथेच घ्या.